महिन्यातून एकदा एकत्र जेवायचे, तर वेळ जुळवावी लागेल

मा. संपादक,
सादर नमस्कार.

नोकरी आणि घर यांची सांगड कशी घालावी, याविषयी आपल्या पुरवण्यांमध्ये अधूनमधून लेख येतात. एकट्या माणसाने स्वतःचा दिवस कसा आखावा, हाच त्यांतील बहुतेक लेखांचा विषय असतो. लवकर उठावे, कामांचा क्रम लावावा, फोन दूर ठेवावा, हे सारे सल्ले योग्यच आहेत. परंतु महिन्यातून एकदा सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून जेवावे, एवढी साधी इच्छा पुरी करायला ते अपुरे पडतात, असे माझे स्पष्ट मत आहे. एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचे तक्ते तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे केले. कोण कोणत्या दिवशी दिवसपाळीला, कोण रात्रपाळीला, कोणाची साप्ताहिक सुट्टी कधी आणि कोणाच्या रजेच्या जागी कोण, हे जुळवता जुळवता एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली. माणसे पुरेशी असली आणि प्रत्येकाला पुरेशी सुट्टी मिळत असली, तरी अनेकांची सुट्टी एकाच वेळी येणे ही अगदी वेगळी बाब आहे. ती आपोआप घडत नाही, कोणीतरी बसून घडवावी लागते. कुटुंबाच्या मासिक जेवणाचे गणित तंतोतंत हेच असल्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले.

समजा, एका कुटुंबात कमावणारी किंवा शिकणारी सहा मोठी माणसे आहेत. ती एका घरात राहत असतील किंवा तीन घरांत विभागलेली असतील, त्याने हिशेबात फरक पडत नाही. प्रत्येकाला दर दोन संध्याकाळींपैकी एक मोकळी मिळते, असे आपण उदारपणे धरू. प्रत्येकाकडे निम्म्या संध्याकाळी मोकळ्या असताना महिन्यातून एक तरी सहज जुळेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या वेळा दुसऱ्याच्या वेळांशी संबंध नसताना ठरत असतील, तर सहाही जण एकाच संध्याकाळी मोकळे असण्याची शक्यता ६४ पैकी एक इतकीच आहे. म्हणजे सरासरीने दोन महिन्यांतून एखादी संध्याकाळ, आणि तीही नेमकी कोणती हे आधी कोणालाच ठाऊक नसते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘या महिन्यात कधी भेटायचे?’ असा प्रश्न पडतो, चार तारखा सुचवल्या जातात, प्रत्येक तारखेला कोणाची तरी अडचण निघते आणि विषय मागे पडतो. याचा दोष आपण एकमेकांच्या अनास्थेला देतो. थोरला भाऊ कामात बुडालेला, धाकटीला घरच्यांची ओढ नाही, असे निष्कर्ष निघतात आणि मने दुखावतात. वस्तुतः त्या सहाही जणांची इच्छा पूर्ण खरी असू शकते. सर्वांच्या सोयीची वेळ शोधत राहण्याची पद्धतच अशी आहे की तीतून दुसरे काही निष्पन्न होणे कठीण.

आता अट थोडी सैल करून पाहू. सहापैकी किमान पाच जण आले तरी जेवण होईल, असे ठरवले की शक्यता ६४ पैकी सातवर जाते, म्हणजे महिन्यात साधारण तीन संध्याकाळी मिळतात. किमान चार जण चालतील असे म्हटले, तर ती ६४ पैकी २२ होते आणि महिन्याला दहा संध्याकाळी हाती येतात. माझ्या मते या एका निर्णयात निम्मे काम आहे. सभांसाठी गणसंख्येचा नियम असतो, तोच घराने लावून घ्यावा. मात्र त्याला एक जोड हवी: एकच व्यक्ती लागोपाठ दोनदा वगळली जाणार नाही, हे पाहिले पाहिजे. या महिन्यात जी सून किंवा जो जावई येऊ शकला नाही, त्याची सोय पुढच्या महिन्याची तारीख ठरवताना प्रथम विचारली जावी. हा जोडनियम नसेल, तर ज्यांचे काम सर्वांत अडचणीच्या वेळेचे आहे तेच कायम बाहेर राहतात, आणि उरलेल्यांना काही काळाने त्यांची अनुपस्थिती जाणवेनाशी होते. तक्ते करताना हे मी वारंवार पाहिले आहे. गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला नेहमी वाईट पाळी येते, ती कोणी मुद्दाम देतो म्हणून नव्हे, तर बदलून मागणारे दुसरे असतात म्हणून.

सुट्टी असणे आणि ती जुळणे यांतील अंतर किती मोठे असते, याचा एक अनुभव इतिहासात नोंदलेला आहे. सोव्हिएत संघात १९२९ मध्ये यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून अखंड कामाचा आठवडा सुरू करण्यात आला. आठवडा पाच दिवसांचा झाला, कामगारांचे पाच गट पाडण्यात आले, प्रत्येक गटाला एक रंग दिला गेला आणि दर दिवशी एका गटाला सुट्टी, बाकीचे चार गट कामावर, अशी व्यवस्था झाली. आकड्यांत पाहिले तर कामगाराचा लाभच होता, कारण पूर्वी सात दिवसांतून एक सुट्टी मिळत होती, ती आता पाच दिवसांतून एक मिळू लागली. पण पती एका रंगाचा, पत्नी दुसऱ्या रंगाची आणि मुलांच्या शाळेची सुट्टी तिसऱ्याच दिवशी, असे झाल्यावर घरी एकत्र बसायला कोणी उरेना. गट सरसकट वाटले गेले, तर पती-पत्नींची सुट्टी एका दिवशी येण्याची शक्यता पाचात एक. कामगारांनी त्या काळी वर्तमानपत्रांकडे याच तक्रारी केल्या होत्या. जी सुट्टी एकट्यानेच घालवायची ती सुट्टी कसली, हा त्यांचा प्रश्न होता. १९३१ मध्ये ही रचना मागे घेऊन सर्वांना सामाईक विश्रांतीचा दिवस असलेला सहा दिवसांचा आठवडा आणण्यात आला आणि १९४० मध्ये पुन्हा सात दिवसांचा आठवडा व रविवारची सुट्टी आली. सुट्ट्यांची संख्या वाढवूनही घरे एकमेकांना दुरावू शकतात, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

कामाच्या अटी ठरवणाऱ्यांना ही गोष्ट त्यापूर्वीच समजलेली होती, हे विशेष. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ च्या पहिल्याच करारात उद्योगांतील कामाचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा ४८ तासांचा ठरवला. पण किती तास, एवढे सांगून भागत नव्हते. म्हणून १९२१ च्या साप्ताहिक विश्रांतीविषयीच्या करारात सात दिवसांतून सलग २४ तास विश्रांती द्यावी असे म्हणताना, शक्य असेल तेथे ती एका आस्थापनेतील सर्व कर्मचाऱ्यांना एकाच वेळी द्यावी, असेही स्पष्ट लिहिले गेले. एकाच वेळी, हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. अमेरिकेतील क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शनिवार-रविवारी नोकरदारांप्रमाणेच बेकारांचीही मनःस्थिती सुधारते. बेकारांना तर आठवडाभर वेळ मोकळाच असतो. मग शनिवार-रविवारी नवीन काय घडते? त्या दिवशी इतर माणसे मोकळी असतात. आपल्या मोकळ्या वेळेची किंमत बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या मोकळ्या वेळेवर अवलंबून असते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

हे मान्य केले, तर मासिक जेवणाची आखणी कशी करावी याची दिशा आपोआप मिळते. पहिली गोष्ट म्हणजे तारीख शोधत न बसता ती नेमून टाकावी, आणि वर्षभराची एकदम नेमावी. महिन्याची अमुक तारीख असे ठरवू नये. ती दर महिन्याला वेगळ्या वारी येते आणि प्रत्येक वेळी नव्याने चर्चा करावी लागते. महिन्याचा दुसरा शनिवार किंवा तिसरा रविवार, असे ठरवावे. दुसरा शनिवार कोणत्याही महिन्यात ८ ते १४ तारखांच्या दरम्यानच येतो, त्यामुळे महिनाअखेरचे हिशेब आणि पहिल्या आठवड्यातली पगारपत्रके यांच्या मध्ये तो सुरक्षित राहतो. ज्यांच्या घरी कोणी लेखा विभागात, बँकेत किंवा विक्रीची उद्दिष्टे सांभाळणाऱ्या खात्यात काम करते, त्यांना महिन्याचा शेवटचा आठवडा कसा जातो हे सांगायला नको. तो आठवडा आणि त्याच्या लगतचे दोन-तीन दिवस टाळले, तरी पुष्कळ अडचणी मुळातच उद्भवत नाहीत. वर्षाचा शेवट आणि आर्थिक वर्षाचा शेवट या दोन काळांत एखादे जेवण चुकले, तर ते चुकू द्यावे. त्याची भरपाई करण्याच्या खटाटोपात सगळीच घडी विस्कटते.

तारीख दूरची असताना नेमण्यात आणखी एक फायदा आहे आणि एक धोकाही. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, पुढे आपल्याला आजच्यापेक्षा अधिक मोकळा वेळ असेल असे माणसे मानतात, आणि पैशाच्या बाबतीत ती जेवढी आशावादी असतात त्याहून वेळेच्या बाबतीत अधिक असतात. ‘पुढच्या महिन्यात नक्की’ हे वाक्य खोटेपणाने उच्चारलेले नसते. पुढचा महिना खरोखरच रिकामा दिसत असतो. तीन महिन्यांनंतरच्या शनिवारला सगळे आनंदाने होकार देतात, हा फायदा. तो शनिवार जवळ येतो तेव्हा आजच्यासारखाच भरलेला असतो, हा धोका. म्हणून होकार मिळताच ती संध्याकाळ प्रत्येकाने आपल्या कामाच्या कॅलेंडरमध्ये लिहावी. घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ती असावीच, पण मीटिंगची वेळ ठरवणाऱ्या सहकाऱ्याला तुमची भिंत दिसत नाही. कार्यालयाच्या कॅलेंडरमध्ये ती वेळ भरलेली दिसली, की दहापैकी बहुतेक निमंत्रणे आपसूक दुसरीकडे सरकतात. वरिष्ठांना हे सांगताना संकोचण्याचेही कारण नाही. वर्षातल्या बारा संध्याकाळी आधीपासून कळवणारा कर्मचारी ऐनवेळी एक सुट्टी मागणाऱ्यापेक्षा कोणत्याही कार्यालयाला सोयीचा असतो.

येथवरचे सारे ठरावीक वेळेच्या नोकऱ्यांना लागू पडते. पाळ्यांत काम करणाऱ्यांच्या घरी मात्र नेमलेला वार हाच अन्याय ठरू शकतो, आणि हा मुद्दा मी थोडा विस्ताराने मांडते, कारण एकत्र जेवणाविषयी लिहिणारे बहुतेक जण तो विसरतात. पाळ्यांची एक प्रचलित रचना अशी असते: दोन दिवस सकाळपाळी, दोन दिवस दुपारपाळी, दोन दिवस रात्रपाळी आणि दोन दिवस सुट्टी. हे चक्र आठ दिवसांचे आहे आणि आठवडा सात दिवसांचा, त्यामुळे दर आठवड्याला ते एका दिवसाने सरकते. लागोपाठ आठ शनिवार पाहिले, तर त्या कर्मचाऱ्याला दोन शनिवारी सुट्टी, दोन शनिवारी सकाळपाळी आणि उरलेल्या चार शनिवारी दुपारपाळी किंवा रात्रपाळी येते. म्हणजे शनिवारचे रात्रीचे जेवण त्याला निम्म्या वेळा तरी गमवावेच लागणार. परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी, कारखान्यातील कामगार, सुरक्षारक्षक, मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या कॉल सेंटरमधील तरुण मुले, या सर्वांची स्थिती कमी-अधिक फरकाने हीच आहे.

अशा घरांनी क्रम उलटा लावावा. सर्वांत कमी मोकळीक ज्याला आहे त्याचा तक्ता प्रथम समोर ठेवावा, त्यात पडणाऱ्या सुट्ट्या आणि सकाळपाळ्या खुणावाव्यात आणि त्यांतून एक दिवस निवडून बाकीच्यांनी आपली कामे त्याभोवती सरकवावीत. जो सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत काम करतो, त्याला मंगळवारी दोन तास लवकर निघणे जमू शकते. ज्याला रात्रपाळी लागली आहे, त्याला ती टाळता येत नाही. घरात पाळीवाले दोघे असतील, तर प्रत्येकाचे चक्र कागदावर एकाखाली एक लिहिले की समान मोकळे दिवस लगेच नजरेस येतात, आणि चक्र ठरलेले असेल तर ते पुढच्या सहा महिन्यांचेही काढता येतात. त्यासाठी कोणत्याही अॅपची गरज नाही.

जेवण रात्रीचेच असले पाहिजे, हा आग्रहही सोडून द्यावा. सकाळपाळीवाला दुपारी सुटतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा पहाटे उठायचे असते; त्याच्यासाठी संध्याकाळी साडेसहाचे जेवण हे रात्री साडेनऊच्या जेवणापेक्षा कितीतरी सुखाचे असते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप दिवसा व्हायची असते. त्याला दुपारी एक वाजता ताटावर बसवणे म्हणजे आपल्याला कोणी मध्यरात्री उठवून जेवायला बसवण्यासारखे आहे. त्याच्यासाठी संध्याकाळचा पहिला प्रहर योग्य, कारण तेव्हा त्याचा दिवस सुरू होत असतो. घरात लहान मुले किंवा ठरावीक वेळी औषधे घेणारे वडीलधारे असतील, तर त्यांच्या वेळाही यात धरल्या जाव्यात. आणि कोणत्याही वेळेला जेवण ठेवले, तरी ते संपण्याची वेळ आधी सांगावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जाणारी व्यक्ती ‘निघायला किती वाजतील कोण जाणे’ या धास्तीने येण्याचेच टाळते. साडेसहाला बसायचे आणि साडेआठला ज्यांना निघायचे ते निघतील, त्यांना कोणी अडवणार नाही, असे कळले की तीच व्यक्ती निर्धास्तपणे येते.

आता ज्या गोष्टीवर ही जेवणे खरोखर टिकतात किंवा बंद पडतात, तिच्याकडे वळते. माझ्या पाहण्यात तारखेच्या अभावी जितकी मासिक जेवणे बंद पडली, तितकीच ती एका माणसाच्या थकव्याने बंद पडली. तारीख ठरवणे, सर्वांना आठवण करणे, कोण येणार आणि कोण नाही याचा मेळ ठेवणे, सामान आणणे, स्वयंपाक करणे, वाढणे आणि मागचे आवरणे ही सगळी कामे एकाच व्यक्तीकडे जातात, आणि ती व्यक्ती बहुधा घरातली एक स्त्री असते. ती स्वतःही नोकरी करत असते. बाकीच्यांच्या दृष्टीने महिन्यातली ती आनंदाची संध्याकाळ असते. तिच्या दृष्टीने कामाच्या आठवड्याला जोडलेली आणखी एक पाळी. पहिले दोन-तीन महिने ती उत्साहाने निभावते, नंतर तिचा आवाज थोडा उतरतो, आणि एखाद्या महिन्यात तिने विषय काढला नाही की दुसरे कोणीच काढत नाही. तेव्हा आखणीत फक्त तारखांची वाटणी करून चालणार नाही, कामांचीही वाटणी त्याच वेळी लिहून झाली पाहिजे. यजमानपद दर महिन्याला फिरते असावे आणि ज्याच्याकडे ते असेल त्याने निमंत्रणापासून भांडी घासण्यापर्यंतची जबाबदारी घ्यावी, मग तो भाऊ असो, मामा असो किंवा नुकताच कमावू लागलेला भाचा असो. ज्याला रांधता येत नाही त्याने तयार जेवण मागवावे. त्यात कमीपणा मानू नये. पदार्थ थोडे आणि साधे असावेत. पाहुणचाराची पातळी जितकी उंच, तितकी पुढच्या यजमानाची छाती दडपते आणि तितकी पुढची तारीख लांबते.

घर लहान असल्यामुळे किंवा प्रकृतीमुळे ज्यांना सर्वांना बोलावणे शक्य नसते, त्यांनी दुसऱ्याच्या घरी जाऊन त्या महिन्याची जबाबदारी उचलावी. आई-वडील एखाद्या ठिकाणी राहत असतील आणि प्रवास त्यांना झेपत नसेल, तर जागा त्यांचीच राहू द्यावी, पण काम त्यांच्यावर टाकू नये. परदेशी किंवा दूरच्या गावी असलेल्यांना पडद्यावरून सहभागी करून घेता येते. त्यांच्याशी आधी पंधरा मिनिटे निवांत बोलावे आणि मग जेवायला बसावे, हे मला अधिक बरे वाटते, कारण ताटे समोर असताना पडद्यावरच्या माणसाकडे धड कोणाचेच लक्ष राहत नाही.

रद्द करण्याविषयीचा नियमही सुरुवातीलाच ठरलेला असावा. एखाद्याला ऐनवेळी काम निघाले, तर त्याने एका ओळीत कळवावे, इतरांनी कारण विचारू नये आणि जेवण ठरल्याप्रमाणे व्हावे. संपूर्ण जेवण पुढे ढकलण्याची मुभा फक्त यजमानाला, आणि तीही आजारपणासारख्या कारणासाठीच असावी. एकाची अडचण आली की सर्वांचे पुढे ढकलायचे, हा वरवर प्रेमळ दिसणारा रिवाज प्रत्यक्षात घातक आहे. त्यामुळे ज्याची अडचण झाली त्याच्यावर ओझे येते आणि ज्यांनी आपली कामे सरकवून वेळ काढली होती त्यांचे कष्ट वाया जातात. तसेच, बसलेल्यांपैकी कोणाला कामाचा फोन येणारच असेल, तर त्याने तो बाहेर जाऊन घ्यावा आणि परत यावे. सर्वांचे फोन काढून घेण्यासारखे कडक उपाय मला पटत नाहीत. ज्याला आणीबाणीच्या सेवेत फोन उचलावाच लागतो, तो मग येणेच बंद करतो.

यावर कोणी म्हणेल की, हे सर्व कुटुंबांनीच का करायचे? प्रश्न रास्त आहे. कामाच्या वेळा कुटुंबे ठरवत नाहीत. या बाबतीत काही देशांनी कायद्याने पावले उचलली आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. ऑस्ट्रेलियात असा हक्क २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला आणि लहान व्यवसायांना तो एक वर्षाने लागू करण्यात आला. मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो तो पाळ्या आधी कळवण्याचा नियम. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार किरकोळ विक्री, हॉटेल आणि खाद्यसेवा या क्षेत्रांतील मोठ्या मालकांना कामाचा तक्ता लेखी स्वरूपात आधी द्यावा लागतो; सुरुवातीला ही मुदत सात दिवसांची होती, २०२० च्या जुलैपासून ती चौदा दिवसांची झाली. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातही, ज्यांच्या कामाच्या वेळा अनिश्चित आहेत त्यांना वाजवी पूर्वसूचना मिळालीच पाहिजे, असे तत्त्व आहे.

तक्ते करणारी म्हणून मी सांगू शकते की, दोन आठवडे आधी तक्ता लावणे ही फार मोठी मागणी नाही. रजा, आजारपण आणि ऐनवेळची गैरहजेरी यांमुळे काही बदल होतातच, पण तक्त्याचा बराच मोठा भाग बदलत नाही. तो उशिरा लावण्याचे कारण बहुतेक ठिकाणी एवढेच असते की, तो लवकर लावावा असे कोणी सांगितलेले नसते. कर्मचाऱ्यांनी एकत्रितपणे, सौजन्याने आणि लेखी मागणी केली, तर पुष्कळ विभागप्रमुख ती मान्य करतील, असा मला विश्वास आहे. आपापसात पाळी बदलून घेण्याची सोय असेल, तर महिन्यातला एक दिवस त्यासाठी राखून ठेवता येतो. ज्याने आपल्या जेवणाच्या दिवशी आपली पाळी उचलली, त्याच्या घरच्या दिवशी आपण त्याची उचलावी, हा व्यवहार मी अनेक वर्षे सुरळीत चाललेला पाहिला आहे.

एवढा खटाटोप एका जेवणासाठी कशाला, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी दोन गोष्टी नोंदवते. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात एकत्र जेवण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे चारपैकी एका व्यक्तीने आदल्या दिवसाची सर्व जेवणे एकट्याने घेतल्याचे सांगितले आणि २००३ च्या तुलनेत हे प्रमाण ५३ टक्क्यांनी वाढले, असे त्यात म्हटले आहे. ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतरांबरोबर अधिक वेळा जेवणारी माणसे अधिक समाधानी असतात आणि अडचणीत हाक मारावी अशी माणसे त्यांना अधिक असतात, असे दिसून आले. अशा पाहण्यांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. समाधानी माणसांना अधिक बोलावणी येत असतील, हेही शक्य आहे. पण घरातल्या कोणाचे आजारपण, कोणाची नोकरीतली कुचंबणा, कोणाच्या मुलाची परीक्षेची भीती या गोष्टी फोनवर सांगितल्या जात नाहीत. त्या जेवण अर्ध्यावर आल्यानंतर, दुसऱ्याच विषयाच्या ओघात निघतात. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या समारंभात त्यांना जागा नसते, कारण तेथे माणसे फार आणि वेळ थोडा असतो. महिन्याचे अंतर मला म्हणूनच योग्य वाटते: मागच्या वेळी जे निघाले होते ते अजून सर्वांच्या लक्षात असते, आणि पुढे काय झाले हे विचारता येते.

संपादक महोदय, शेवटी आपणास एक विनंती. वर्तमानपत्राचा अंक ज्या वेळी तयार होतो, नेमक्या त्याच वेळी बहुतेक घरांत रात्रीचे जेवण होत असते. उपसंपादक, पानांची जुळवणी करणारे, छपाई विभागातील कर्मचारी आणि पहाटे अंक पोहोचवणारे विक्रेते यांच्या घरी हा प्रश्न कसा सोडवला जातो, हे वाचकांना कळणे उपयोगाचे होईल. पाळ्यांत काम करणाऱ्या अशा कुटुंबांकडून आपण पत्रे मागवावीत. त्यांच्या कामाचे चक्र कसे आहे, त्यांतून त्यांनी कोणता दिवस आणि कोणती वेळ निवडली, काम कसे वाटून घेतले आणि ती व्यवस्था किती काळ टिकली, एवढे त्यांनी लिहिले तरी पुरे. असे अनुभव आल्यास आठ दिवसांच्या, सहा दिवसांच्या आणि आठवड्याला बदलणाऱ्या पाळ्यांसाठी सामाईक मोकळ्या दिवसांचे नमुना-तक्ते तयार करून आपल्याकडे पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपली विश्वासू,
पाळ्यांचे तक्ते करणारी एक वाचक